पोट बिघडलं की मनही बिघडतं?

परीक्षेच्या दिवशी सकाळी मुलाच्या पोटात कळ येते. वाईट बातमी कानावर पडली की घास घशाखाली उतरत नाही. मनाचा परिणाम पोटावर होतो हे आपण रोजच पाहतो. पण पोटाचा परिणाम मनावर होतो का? आज त्याविषयी बोलू.

मेंदूपासून निघणारी व्हेगस नावाची मज्जा थेट जठर आणि आतड्यांपर्यंत पोहोचते. गंमत अशी, की तिच्यातून खाली येणाऱ्या निरोपांपेक्षा वर मेंदूकडे जाणारे निरोप अधिक असतात. मनःस्थितीशी संबंध असलेलं सिरोटोनिन हे रसायनही शरीरात बहुतांशी आतड्यांतच तयार होतं. मात्र ते तिथून थेट मेंदूत शिरत नाही. म्हणून ‘अमुक खा, सिरोटोनिन वाढेल, नैराश्य जाईल’ असं कोणी सांगितलं, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

मग आहाराचा संबंध येतो कुठे? आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. आपल्याला न पचणारा चोथा हे त्यांचं अन्न. तो आंबवून ते जी आम्लं तयार करतात, त्यांवर आतड्याचं अस्तर पोसलं जातं आणि शरीरातला दाह आटोक्यात राहायला मदत होते. दीर्घकाळ राहणारा दाह आणि नैराश्य यांचा काही रुग्णांत संबंध आढळला आहे. संशोधन इथवर आलं आहे. पुढचं बरंच कोडं उलगडायचं आहे.

ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्य असलेल्या ६७ जणांचे दोन गट केले. एका गटाला १२ आठवडे आहारतज्ज्ञांचं मार्गदर्शन मिळालं, दुसऱ्याला गप्पागोष्टींची सोबत. पहिल्या गटातले सुमारे ३२ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले, दुसऱ्यातले ८ टक्के. प्रयोग लहान होता आणि बहुतेकांचे नेहमीचे उपचारही चालू होते, हे लक्षात ठेवायला हवं.

त्यांचा आहार होता भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खी धान्यं, मासे, ऑलिव्ह तेल असा. आपल्याला त्यासाठी दूर जायला नको. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात नागली पिकते. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ११ ग्रॅम चोथा असतो. लासलगावच्या बाजारातला कांदा जिवाणूंच्या आवडीचा. मटकी, हुलगे, पालेभाजी, घरचं दही, ताक हे तर आपलंच. रविवारची मिसळ जरूर खा, पण त्यातली मोडाची मटकी जास्त घ्या, तर्री आणि पाव बेताने. कांद्याने पोट फुगत असेल तर मात्र हट्ट नको.

शाकाहारी मंडळींनी आणखी एक गोष्ट पाहावी. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. ते कमी पडलं तर थकवा, विसराळूपणा, हातापायांना मुंग्या आणि कधी उदासपणाही येतो. रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी. कमतरता निघाली तर डॉक्टर गोळ्या किंवा इंजेक्शनं देतात.

शेवटी सर्वांत महत्त्वाचं. नैराश्य आलेल्या माणसाची भूकच अनेकदा मेलेली असते. त्याला ‘नीट जेव म्हणजे बरं वाटेल’ असं सुनावणं म्हणजे आजाराचा दोष त्याच्याच माथी मारणं. त्याच्या ताटाशेजारी आपलं ताट वाढा, दोन घास सोबत खा. चालू असलेल्या गोळ्या आहार सुधारला म्हणून परस्पर बंद करू नका. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, झोप उडाली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटू लागलं, तर एक दिवसही थांबू नका. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

आहार हा उपचाराचा सोबती आहे. त्याला उपचाराच्या जागी बसवू नका, आणि घराबाहेरही ठेवू नका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)