लोटन घर्षण

चाक, चेंडू किंवा नळकांडे यांसारखी गोल वस्तू पृष्ठभागावरून घरंगळत असताना तिच्या गतीला जो विरोध होतो, त्यास लोटन घर्षण किंवा लोटन रोध म्हणतात. यांपैकी दुसरे नाव अधिक नेमके आहे; कारण या विरोधाचा मोठा भाग पृष्ठभाग एकमेकांवर घासल्याने निर्माण होत नाही.

स्पर्शबिंदूवरील घर्षण

न घसरता लोटणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी जमिनीच्या सापेक्ष स्थिर असतो. त्यामुळे तेथील घर्षण गतिज नसून स्थितिक असते आणि त्यात ऊर्जेचा व्यय होत नाही. ‘घर्षणामुळे चाक थांबते’ हे नेहमीचे विधान म्हणूनच अपुरे आहे. चाक व सपाट जमीन दोन्ही पूर्णपणे दृढ आहेत आणि घर्षण बल मागच्या दिशेने लागत आहे, अशी कल्पना केली तर विसंगती लगेच दिसते. हे बल चाकाचा पुढे जाण्याचा वेग कमी करील, पण त्याच बलाचे केंद्राभोवतीचे परिबल चाकाचे फिरणे वाढवील. न घसरणाऱ्या चाकाच्या बाबतीत या दोन गोष्टी एकाच वेळी घडू शकत नाहीत. असे आदर्श चाक सपाटीवर एकसमान वेगाने जात असेल, तर त्यावरील घर्षण शून्य असते.

रोधाचे कारण

प्रत्यक्षात कोणतीही वस्तू दृढ नसते. भाराखाली चाक किंचित चपटे होते व जमीन किंचित दबते; स्पर्श एका बिंदूत न होता लहानशा क्षेत्रावर होतो. या क्षेत्राच्या पुढच्या भागात द्रव्य दाबले जाते आणि मागच्या भागात ते पूर्ववत होते. मात्र दाबताना खर्च झालेली सर्व ऊर्जा परत मिळत नाही. काही भाग उष्णतेत जातो. या गुणधर्मास स्थितिस्थापक मंदायन म्हणतात. लांबच्या प्रवासानंतर मोटारीचे टायर गरम लागतात, त्यामागे हेही एक कारण आहे. मंदायनामुळे पुढच्या भागातील दाब मागच्यापेक्षा अधिक राहतो, जमिनीची लंब प्रतिक्रिया केंद्राच्या थोडी पुढे सरकते आणि तिचे परिबल चाकाच्या फिरण्याला विरोध करते. वरील विसंगतीचा उलगडा येथे होतो.

इ.स. १८७६ मध्ये ऑस्बर्न रेनल्ड्झ यांनी स्पर्शक्षेत्रातील सूक्ष्म घसरणीकडे लक्ष वेधले व रोधाचे कारण तीत शोधले. पुढे १९५० च्या दशकात डेव्हिड टेबर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत पृष्ठभागावर वंगण लावूनही लोटन रोध फारसा कमी होत नाही असे आढळले, आणि मंदायनाचे महत्त्व प्रस्थापित झाले.

परिमाण

लोटन रोध आणि चाकावरील भार यांच्या गुणोत्तरास लोटन रोधाचा गुणांक म्हणतात. पोलादी रुळावरील रेल्वेच्या पोलादी चाकासाठी तो सुमारे ०.००१ ते ०.००२, तर चांगल्या रस्त्यावरील मोटारीच्या टायरसाठी सुमारे ०.०१ ते ०.०१५ असतो. म्हणजे १,००० किलोग्रॅम वस्तुमान रुळावरून सपाटीने ओढण्यास १० ते २० न्यूटन बल पुरते. रस्त्यावर १०० ते १५० न्यूटन लागते. भुसभुशीत वाळूत गुणांक याच्या कितीतरी पट होतो, कारण दबलेली वाळू पूर्ववत होतच नाही.

टायरमधील हवा कमी झाली की रबराचे वाकणे वाढते आणि इंधन अधिक लागते. मंदायन कमी असलेले रबर वापरल्यास रोध घटतो, पण ओल्या रस्त्यावरील पकडही घटू शकते. टायरच्या रचनेतील ही जुनी अडचण आहे.

चाकाच्या आकाराविषयीही मतभेद होते. कूलाँब यांच्या मते रोध त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात द्यूपुई यांनी तो व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असल्याचे मांडले. मोठ्या चाकाने रोध घटतो, याबाबत मात्र दोघांत दुमत नव्हते. बैलगाडीच्या मोठ्या चाकांना हा लाभ मिळतो. तिच्या आसाला घालतात ते वंगण मात्र आस व तुंबा यांच्यातील सरक घर्षण कमी करते. धाव आणि जमीन यांच्यातील लोटन रोधावर त्याचा परिणाम होत नाही.