वॉशिंग्टनच्या वेशीवरचं शिवार

व्हाइट हाउसपासून गाडी वायव्येला काढली, की पहिला अर्धा-पाऊण तास जे दिसतं ते कुठल्याही सुखवस्तू उपनगरात दिसेल असंच. बेथेस्डाच्या काचेच्या इमारती, राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं अवाढव्य आवार, रॉकव्हिलची संपता न संपणारी दुकानं, मेट्रोच्या रेड लाइनचं शेवटचं स्टेशन. पुढे गेथर्सबर्ग आणि जर्मनटाउन. मग रस्ता एकाएकी अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचा मका उभा राहतो. गवताचे गोल भारे, घोड्यांची कुरणं, लाल रंगाची कोठारं. गंमत म्हणजे एवढं सगळं बदलूनही बेथेस्डापासून इथवर आपण जिल्हा ओलांडलेला नसतो. ही सगळी मेरिलँड राज्यातली एकच मॉन्टगोमेरी काउंटी. क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस मैल, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढं. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १०,६२,०६१ भरली. आणि तरीही जवळजवळ एक तृतीयांश जमीन, ९३,००० एकर, शेतीसाठी राखून ठेवलेली.

हे आपोआप झालेलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर वॉशिंग्टन फुगत गेलं आणि इथली शेतं भराभर प्लॉटांत विरघळू लागली. पाच एकरांना एक घर असा नियम करून पाहिला, पण पाच एकर म्हणजे ना धड अंगण ना धड शेत. अखेर १९८० मध्ये काउंटीने राखीव शेतीपट्टा आखला आणि तिथे पंचवीस एकरांना एकच घर बांधता येईल असं ठरवलं. शेतकरी अर्थातच भडकले, कारण एका सहीनिशी त्यांच्या जमिनीचा भाव पडणार होता. त्यावर तोडगा निघाला तो मुंबईकरांच्या चांगल्याच ओळखीचा: टीडीआर. शेतकऱ्याने दर पाच एकरांमागे एक बांधकाम-हक्क विकायचा. बिल्डरने तो विकत घेऊन काउंटीतल्याच ठरवून दिलेल्या शहरी भागांत जास्तीची घरं उठवायची. मुंबईत हे तंत्र १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतून आलं आणि रस्ते, झोपडपट्ट्या, आरक्षणं यांच्या भोवऱ्यात सापडलं. इथे त्याचा उपयोग माती जिथल्या तिथे, जशीच्या तशी राहावी एवढ्यासाठी झाला. शहरांत घरं महागली ती या पट्ट्यामुळेच, असं म्हणणारे टीकाकार आहेत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. पण इथल्या माणसाच्या वर्षाला जे ऋतू आहेत, ते या हिशेबाच्या जोरावर टिकलेत.

त्या वर्षाचा कळस म्हणजे ऑगस्टमधली कृषी जत्रा. गेथर्सबर्गला १९४९ पासून ती भरते आणि नऊ दिवस चालते. बाहेर पाळणे, तळलेल्या पिठाच्या जाळीदार केकवर भुरभुरलेली पिठीसाखर, संध्याकाळी जुन्या गाड्या एकमेकींवर आदळून मोडायची स्पर्धा. आदल्या दिवशी कंपनीच्या मीटिंगमध्ये गळ्यात पट्टा घालून बसलेला माणूस इथे गाड्यांचा चेंदामेंदा बघून शिट्ट्या मारतो. पण खरी जत्रा गोठ्यांत असते. ‘फोर-एच’ या ग्रामीण युवक संघटनेतली दहा-बारा वर्षांची पोरं वर्षभर वाढवलेली वासरं, डुकरं, मेंढ्या घेऊन तिथे मुक्काम ठोकतात. पहाटे उठून गाईला आंघोळ घालतात, केस पंख्याखाली वाळवतात, खरारा करतात, शेपटीचा गोंडा विंचरतात आणि पांढऱ्या कपड्यांत तिला रिंगणात फिरवतात. परीक्षक पाठीवरून, बरगड्यांवरून हात फिरवतो आणि मग माइक घेऊन प्रत्येक जनावराला तो क्रमांक का दिला ते सगळ्यांसमोर सांगतो. पहिल्याला निळी फीत, दुसऱ्याला लाल आणि सर्वांत वरच्या मानकऱ्याला जांभळी. यातली काही मुलं शेतकऱ्यांच्या घरची नसतातच. फ्लॅटमध्ये राहून दुसऱ्याच्या गोठ्यात जनावर ठेवतात आणि रोज जाऊन त्याचं करतात.

शेवटी लिलाव होतो. स्थानिक दुकानदार, बँका, ओळखीपाळखीचे लोक बाजारभावापेक्षा बरीच वरची बोली लावतात आणि तो पैसा मुलाच्या शिक्षणाला जातो. जनावर खाटकाकडे जातं. नाव ठेवून वाढवलेल्या डुकराच्या गळ्यात पडून रडणारं पोर लिलावाच्या दिवशी हमखास दिसतं, आणि मोठी माणसं ते कौतुकाने बघत उभी असतात. हे शिक्षण की क्रौर्य, यावर आपल्याकडे घरोघरी वाद होईल. इथे तो प्रश्न कुणाला फारसा पडलेला दिसत नाही.

जत्रा वर्षातून एकदाच. एरवी मे ते ऑक्टोबर लोकांची रीघ लागते ती ‘स्वतः तोडा, वजन करा, पैसे द्या’ या शेतांवर. जर्मनटाउनजवळची बटलर्स ऑर्चर्ड ही त्यातली जुनी बाग. बटलर दांपत्याने १९५० मध्ये ३७ एकर घेऊन ती सुरू केली. मेच्या अखेरीस स्ट्रॉबेरी, जूनमध्ये ब्लूबेरी, जुलैत ब्लॅकबेरी आणि ऑक्टोबरात भोपळे. पूल्सव्हिलकडच्या बागांत पीच आणि सफरचंदं. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हा व्यवहार अफलातून आहे. तोडणीची मजुरी वाचते, गिऱ्हाईक उन्हात वाकून स्वतः काम करतं, वर पैसेही देतं, आणि घरी जाऊन सगळ्यांना फोटो पाठवतं. भोपळ्यांची तऱ्हा तर आणखीच निराळी. बहुतेक भोपळे खाण्यासाठी नसतातच. हॅलोविनला डोळे-दात कोरून दाराशी ठेवायचे आणि नोव्हेंबरात फेकून द्यायचे. घारगे आवडणाऱ्याचा जीव कळवळावा असा हा प्रकार. पण कोरीवकामाच्या त्या जातीला चवही नसते, तेव्हा हळहळण्याचं कारण नाही.

जुलैच्या मध्यावर पोटोमॅक नदीकाठी मॅकी-बेशर्स वन्यजीव क्षेत्रात सूर्यफुलांची शेतं फुलतात. नवपरिणीत जोडपी, साड्या नेसून आलेल्या देशी बायका, ट्रायपॉड घेतलेले हौशी छायाचित्रकार यांची तिथे झुंबड उडते. फारच थोड्यांना ठाऊक असतं, की राज्याचं वनखातं ही फुलं फोटोंसाठी लावत नाही. बिया पिकल्या की त्यांवर होले उतरतात, आणि सप्टेंबरात शिकारीचा हंगाम उघडला की बंदूकवाले त्यांच्यासाठी येतात. फुलांचा थाट हा त्या बेतातला नुसता मधला टप्पा.

खाण्यापिण्याच्या बाबतीत मात्र काउंटीचा दक्षिण भागच राजा. सिल्व्हर स्प्रिंगमध्ये इथिओपियन खानावळी आहेत. टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ काही दिवस आंबवून केलेला इंजेरा म्हणजे आंबोळीचा परातीएवढा थोरला भाऊ. एकाच बाजूने भाजलेला, वर जाळी पडलेली, चवीला चांगलाच आंबट. त्याच्यावरच मसूर, कोबी-गाजर, हरभऱ्याच्या पिठाचं तिखट शिरो असे ढीग मांडतात आणि सगळे मिळून एकाच ताटात हाताने जेवतात. इथिओपियातले सनातनी ख्रिस्ती बुधवार-शुक्रवारी मांस आणि दूधदुभतं वर्ज्य करतात, त्यामुळे शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही. काही ठिकाणी जेवणानंतर कॉफीचा विधी असतो. हिरव्या बिया समोरच भाजतात, धुराचा वास घ्यायला भांडं पाहुण्यांपुढून फिरवतात, मग मातीच्या सुरईतून तीन फेऱ्या ओततात. पलीकडे व्हीटनला साल्वादोरी बायका मक्याच्या ओल्या पिठाच्या गोळ्यात चीज आणि राजमा भरून, दोन तळव्यांत थापून पुपुसा तव्यावर टाकतात. सोबत कोबीचं आंबट लोणचं. काउंटीने भगिनीशहरांची नाती जोडली त्यांत एल साल्वादोरचं मोराझान आणि इथिओपियाचं गोंदर आहे. इथली वस्ती पाहता ते साहजिकच म्हणायचं.

उन्हाळ्यात राज्याचा मानबिंदू म्हणजे चेसापीक उपसागरातला निळा खेकडा. टेबलावर जाड कागद पसरतात, वाफवलेले खेकडे त्यावर ओततात आणि लाकडी हातोडी हातात देतात. वर जो तांबूस मसाला थापलेला असतो तो ओल्ड बे. जर्मनीतून जीव वाचवून आलेल्या गुस्ताव ब्रुन या ज्यू मसालेवाल्याने बाल्टिमोरला १९३९ च्या सुमारास तो बनवला. नर-मादी ओळखायची खूण मेरिलँडकर मोठ्या हौशीने सांगतात. नराच्या पोटावरचं झाकण वॉशिंग्टन स्मारकाच्या मनोऱ्यासारखं निमुळतं, तर वयात आलेल्या मादीचं संसदेच्या घुमटासारखं गोल. मालवणकडच्या माणसाला हे खेकडे वाफवलेलेच खायचे म्हणजे अन्याय वाटेल, पण ताजेपणात ते कमी पडत नाहीत. सोबत बिअर हवी असेल तर एक अजब गोष्ट कळते. १९३३ मध्ये देशातली दारूबंदी उठली तेव्हापासून इथे दारूची घाऊक विक्री काउंटी सरकार स्वतःच करतं. हॉटेलवाल्याला बाटली घ्यायची ती सरकारी गोदामातून.

ही मौज सगळ्यांसाठी खुली होती असंही नाही. ग्लेन एको इथल्या करमणूक बागेत १९२१ चा लाकडी चक्रीपाळणा आहे. त्यात घोड्यांबरोबर ससे, शहामृग, जिराफ, सिंह आणि वाघ कोरलेले आहेत. काळ्या लोकांना त्या बागेत मज्जाव होता. ३० जून १९६० रोजी हॉवर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा गट आत शिरला आणि काही जण तिकिटं दाखवून त्या पाळण्यावर बसले. त्यांना अटक झाली. मग शेजारच्या बॅनकबर्न वसाहतीतले गोरे रहिवासी त्यांच्याबरोबर उन्हाळाभर दारात निदर्शनं करत राहिले आणि पुढच्या हंगामात बाग सर्वांना खुली झाली. आज ती राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे आणि चक्रीपाळणा अजून फिरतो.

सप्टेंबर हा माझ्या मते इथला सर्वांत चांगला महिना. उकाडा ओसरलेला, वॉशिंग्टन परिसरातल्या मराठी मंडळींच्या गणपतीची धामधूम, आणि पोटोमॅकच्या काठावरच्या सावलीत पॉपॉ पिकलेले. पॉपॉ हे उत्तर अमेरिकेतलं सर्वांत मोठं देशी फळ. मुठीएवढं, हिरवट, आत पिवळा मऊ गर आणि चपट्या काळ्या बिया. चव आंबा आणि केळं यांच्या मधली. बिया बघताच मराठी माणसाला ओळख पटते आणि ती खरी निघते: हे झाड सीताफळाच्याच कुळातलं. बाकीचं सगळं कुळ उष्ण प्रदेशात रमलेलं असताना या एका शाखेने बर्फाळ हिवाळ्याशी जमवून घेतलं. वसंतात त्याला काळपट तांबडी फुलं येतात आणि त्यांचं परागीभवन माश्या नि भुंगेरे करतात. झेब्रा स्वॅलोटेल या पट्टेरी फुलपाखराच्या अळ्या पॉपॉचीच पानं खातात, दुसरी नाही. एवढं असूनही सुपरमार्केटात ते दिसत नाही, कारण पिकल्यावर दोन-तीन दिवसांत काळं पडतं. शेतकऱ्यांच्या आठवडी बाजारात मिळालं तर मिळालं. रानात शोधायला जायचं तर लांब पँट घालावी. गवतात हरणांवरची गोचीड असते आणि तिच्यापासून होणारा लाइम रोग चिवट असतो.

हिवाळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. व्हीटनच्या ब्रुकसाइड उद्यानात दिव्यांची आरास होते. बर्फाचा अंदाज आला की दुकानांतून पाव, दूध आणि टॉयलेट पेपर गायब होतात. मुलं पायजमा उलटा घालून, उशीखाली चमचा ठेवून झोपतात, म्हणजे शाळेला सुट्टी मिळते अशी त्यांची पक्की खात्री. २०१० च्या फेब्रुवारीत आठवड्याच्या आत दोन हिमवादळं आली, तेव्हा चमच्यांनी जरा जास्तच काम केलं.

एप्रिलमध्ये बेथेस्डाच्या केनवुड वसाहतीत चेरी फुलते. बाराशेच्या आसपास असलेली ही झाडं १९३० आणि ४० च्या दशकांत बिल्डरांनी प्लॉट खपावेत म्हणून लावली होती. जाहिरात संपली, बहर राहिला. याच काउंटीत, सिल्व्हर स्प्रिंगच्या आपल्या घरात, रेचेल कार्सनने ‘सायलेंट स्प्रिंग’ लिहिलं. १९६२ च्या त्या पुस्तकाने डीडीटीविरुद्ध रान उठवलं.

आणि दर सतरा वर्षांनी इथला वसंत कान बधिर करतो. ‘ब्रूड टेन’ नावाने ओळखले जाणारे सिकाडा जमिनीखाली मुळांतला रस पीत सतरा वर्षं काढतात. मे महिन्यात वीतभर खोलीवरची माती १८ अंश सेल्सिअसपर्यंत तापली, की संध्याकाळी एकगठ्ठा वर येतात, झाडावर चढून कात टाकतात आणि नर गायला लागतात. दाट झाडीत एकरी पंधरा लाखांपर्यंत त्यांची संख्या जाते. पक्षी, खारी, कुत्री पोट फुटेस्तोवर खातात आणि तरीही वंश चालवण्यापुरते सिकाडा मागे उरतात. संख्या हेच त्यांचं संरक्षण. २०२१ मध्ये माणसांनीही ते तळून खाल्ले, तेव्हा कोळंबी-शेवंडाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये, असं केंद्राच्या अन्न व औषध प्रशासनाला जाहीर करावं लागलं. पुढची खेप २०३८ मध्ये. पण सतरा वर्षांत उपनगरात बरंच काही बांधून होतं. झाड तोडून वर डांबर घातलं की खालची पिल्लं तिथेच संपतात. म्हणून २०२१ च्या मे-जूनमध्ये जुन्या झाडांच्या गल्ल्यांत फोनवर बोलणं मुश्कील झालं होतं आणि नव्याकोऱ्या वसाहतींत सिकाडा औषधालाही नव्हता.