डायलिसिसचा थकवा आणि मनाची उभारी

आपली मूत्रपिंडे चोवीस तासांत सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला दीड-दोन लिटर मूत्र म्हणून बाहेर पडतो, बाकीचा रक्तात परत जातो. हे काम आठवड्याचे १६८ तास अखंड चालते. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्त यंत्रातून शुद्ध करून घ्यावे लागते. हेच डायलिसिस. साधारणपणे ते आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास करतात. म्हणजे १६८ तासांचे काम १२ तासांत उरकायचे! प्राण वाचतो, थकवा मात्र पाठ सोडत नाही.

हा थकवा येतो कोठून? तांबड्या पेशी तयार करायला अस्थिमज्जेला चालना देणारे संप्रेरक मूत्रपिंडातच बनते. ते कमी पडले की रक्तक्षय होतो. रक्तातली आम्लता वाढून स्नायूही झिजतात. थकलेला माणूस पडून राहतो आणि पडून राहिल्याने स्नायू आणखी झिजतात.

मनाचेही तसेच होते. माहूरच्या रुग्णाला उपचारासाठी नांदेड गाठायचे झाले, तर जाऊन-येऊन सुमारे अडीचशे किलोमीटर पडतात. तेही आठवड्यातून तीनदा. रोजगार बुडतो, सोबत्याचाही बुडतो, पाणी मोजून प्यावे लागते. 'आपण घरादाराला ओझे झालो' हा विचार मनात घर करतो. जगभरच्या अभ्यासांचा २०१३ साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यात तज्ज्ञांनी मुलाखती घेऊन तपासलेल्या रुग्णांपैकी पाचांत एकाहून थोड्या अधिक जणांना नैराश्य आढळले. ते सहज ओळखू येत नाही, कारण भूक मंदावणे, झोप न लागणे, गळून जाणे ही लक्षणे मूत्रपिंडाच्या विकारातही दिसतात. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन रमेनासे झाले, तर डॉक्टरांना जरूर सांगावे. नैराश्यावर उपचार आहेत.

हे चक्र तोडण्याची एक जागा म्हणजे हालचाल. जर्मनीतील २१ केंद्रांत ९१७ रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. काहींना डायलिसिस चालू असतानाच, पलंगावर, वर्षभर व्यायाम दिला. एका मिनिटात खुर्चीवरून उठण्या-बसण्याची त्यांची संख्या सरासरी १६ वरून १९ झाली. व्यायाम न करणाऱ्यांची १५ पर्यंत घसरली. फरक चार-पाच उठबशांचा, पण आपले आपण उठून अंगणात जाता येणे याला मोल नाही का?

जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे १९७५ साली निकामी झाली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचे डायलिसिस सुरू झाले. तशा अवस्थेत त्यांनी १९७७ च्या निवडणुकीत प्रचारसभा घेतल्या. प्रत्येकाला हे साधेल असे नाही. त्यांच्या पाठीशी माणसे उभी होती. पण डायलिसिसवरचा माणूस कामातून गेला, हा समज खरा नाही.

व्यायाम डॉक्टरांना विचारूनच करावा. छातीत दुखणे, धाप लागणे, चक्कर येणे असे काही झाल्यास लगेच थांबावे. यंत्र चालू असताना सुई टोचलेला हात हलवू नये. घाम आला म्हणून मनाने पाणी वाढवू नये. रेणुकामातेच्या गडाच्या पायऱ्या पहिल्याच दिवशी चढायच्या नाहीत. आधी ओसरी, मग अंगण, मग गल्ली.

वर्गात करून पाहा : निरोगी विद्यार्थी एका मिनिटात खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठतो-बसतो, ते मोजा. मग तो आकडा १६ शेजारी लिहा. थकवा म्हणजे आळस नव्हे, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.