आधी ताळा, मग लिनक्स!

बालमित्रांनो, तुमच्या घरी जुना लॅपटॉप असेल, तर "आता हा भंगारात द्या" हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ तर कित्येक जुन्या यंत्रांवर चढतच नाही. पण थांबा! अशा यंत्रावर लिनक्स मजेत चालू शकतं, आणि ते फुकट मिळतं. हेलसिंकीत शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली ते लिहायला घेतलं. परकं वाटतंय? अहो, आईच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच तर बसलंय! २००७ साली कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या शाळेत मुलांना छोटे लॅपटॉप मिळाले होते, तेही लिनक्सवरच चालायचे.

लिनक्सचे प्रकार पुष्कळ. नवशिक्यांनी मिंट घ्यावं, असं माझं मत. त्याची 'आयएसओ' फाइल, म्हणजे अख्खी डिस्क एका गाठोड्यात बांधलेली, सुमारे ३ जीबीची असते. यंत्र ६४ बिटचं हवं आणि रॅम निदान २ जीबी. ४ असेल तर उत्तम.

आता खरी गोम ऐका. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत रेंज येते नि जाते. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल, तर दोन दिवसांचा पॅक या एका फाइलवर खर्च होणार. एवढं करून फाइल मध्येच तुटली तर? नाव तेच दिसतं, चित्र तेच दिसतं, पण आत गडबड! मग लिनक्स चढवताना यंत्र अर्ध्यावर अडतं, पडदा काळा होतो आणि सगळे म्हणतात, "लॅपटॉपच बिघडला." बिचाऱ्या लॅपटॉपचा काही दोष नसतो.

यावर उपाय आहे ताळा! आजोबांना विचारा, त्यांनी शाळेत नवाचा ताळा केला असेल. ४७ गुणिले २३ म्हणजे १०८१. बरोबर का? ४ आणि ७ मिळून ११, पुन्हा १ आणि १ मिळून २. तिकडे २ आणि ३ मिळून ५. दोन पंचे दहा, म्हणजे १. आता उत्तराचे अंक मिळवा : १, ०, ८, १ मिळून १०, म्हणजे १. जुळलं! पण हा ताळा थोडा भोळा आहे, बरं का. चुकून १८०१ लिहिलंत तरी तो "बरोबर" म्हणेल. करून पाहा!

संगणकाचा ताळा मात्र फार चलाख. त्याचं नाव एसएचए-२५६. कितीही मोठ्या फाइलचा तो ६४ खुणांचा ताळा काढतो. फाइलमधला एक कण बदलला, तरी सगळी ओळच बदलून जाते. मिंटच्या संकेतस्थळावर खरा ताळा छापलेला असतो. विंडोजमध्ये सेव्हन-झिप असेल, तर फाइलवर उजवी टिचकी मारून आपला ताळा काढता येतो. दोघांनी मिळून जुळवा : एकाने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं. एक खूण जरी चुकली, तरी ती फाइल वापरायची नाही. रेंज फारच कच्ची असेल, तर मिंटचं टोरंट घ्या. तुटल्यावर ते तिथूनच पुढे सुरू होतं आणि प्रत्येक तुकड्याचा ताळा स्वतःच बघतं.

ताळा जुळला? मग ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. फाइल त्यावर नुसती कॉपी करू नका, तशी ती चालू होत नाही. रुफससारख्या प्रोग्रॅमने ती 'लिहावी' लागते, आणि त्यात पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. लॅपटॉप सुरू होताना डेल किंवा लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबून पेन ड्राइव्ह निवडा. पडदा काळाच राहिला, तर सुरुवातीच्या यादीतली 'कम्पॅटिबिलिटी मोड' ही ओळ निवडून पाहा.

आता लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच चालेल. तासभर नुसतं खेळा, आवाज येतो का बघा. वाय-फाय सापडलं नाही, तर फोन वायरीने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, काम होतं.

पालकहो, इथून पुढे तुम्ही शेजारी बसा. 'इरेज डिस्क' निवडलं, की लॅपटॉपमधलं सगळं जातं! सातबारा, जातीचा दाखला, वनहक्क दाव्याचे कागद, लग्नाचे फोटो... यांची नक्कल आधी दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या, उघडून बघा, मगच पुढचं बटण. पावसाळ्यात तर बॅटरी पूर्ण भरल्याशिवाय सुरूच करू नका. मध्येच वीज गेली तर सगळं पहिल्यापासून!

तरीही अडलंच, तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरिअल' प्रकल्पाचे लिनक्सवरचे छोटे धडे मराठीतही आहेत.

आणि तो पेन ड्राइव्ह पुसू नका हं. मोखाड्याच्या मावसभावाला त्याच्या पॅकमधले ३ जीबी कशाला खर्च करायला लावायचे? तोच त्याला द्या. मिंटची अशी नक्कल वाटायला कायद्याची पूर्ण मुभा आहे.