किल्ली कोणाची, कुलूप कोणाचे?

मागच्या महिन्यात वरूडच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, पुण्याच्या सर्व्हरवर लॉगिन पाहिजे होतं. तिथले साहेब म्हणाले, तुमची की पाठवा. मी मेलने पाठवली, तर रागावले ना!" कोणती पाठवली, असे विचारले. म्हणाला, "दोन फाइली होत्या. दोन्ही पाठवून दिल्या."

म्हणजे संत्र्याच्या गोदामाचे कुलूप आणि किल्ली एकाच पिशवीत घालून एस.टी.च्या कंडक्टरजवळ दिल्यासारखे झाले. पण दोष त्या पोराचा एकट्याचा नाही. दोन्ही फाइलींना 'की' म्हणण्याची पद्धत आहे, घोटाळा तिथेच होतो.

दूरच्या संगणकावर घरबसल्या काम करण्याची एसएसएच ही पद्धत १९९५ साली फिनलंडमध्ये तातू युल्योनेन यांनी तयार केली. त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेले होते. त्याआधीच्या टेलनेटमध्ये पासवर्ड तारेतून उघडाच जायचा. एसएसएचमध्ये पासवर्डाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते. जिच्या नावाशेवटी 'पब' असते ती पब्लिक की. नावाला की, पण तिला कुलूप समजा. ते कोणालाही द्यावे. सर्व्हरवर 'ऑथोराइज्ड कीज' नावाच्या फाइलीत तिची एक ओळ बसवतात. दुसरी, प्रायव्हेट की, ही खरी किल्ली. लॉगिन करतानासुद्धा ती आपल्या संगणकाबाहेर जात नाही. आपला संगणक तिच्या आधारे एक सही करतो आणि सर्व्हर त्याच्याजवळच्या कुलपाशी ती सही पडताळून पाहतो.

मग पाठवलेली मेल खोडून भागेल का? नाही. तिची प्रत कुठे कुठे राहिली, कोण सांगणार? मी त्याला नवी जोडी करायला लावली, तिला पासफ्रेज घालायला सांगितले आणि जुनी ओळ सर्व्हरवरून काढून घेण्याचा निरोप साहेबांना द्यायला लावला. 'आरएसए बंद झाली म्हणतात' अशी शंकाही त्याने काढली. २०२१ मध्ये ओपन-एसएसएचने आरएसएची 'शा-वन'वाली जुनी सही आपणहून स्वीकारणे थांबवले, किल्ली नव्हे. तरी नवीच करायची तर 'ईडी २५५१९' प्रकारची करावी, ती आटोपशीर असते.

आता आणखी एक की, तिच्याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. ती सर्व्हरची स्वतःची. पहिल्यांदा जोडणी करताना पडद्यावर अक्षरांची एक लांब माळ येते आणि 'यस' की 'नो' असा प्रश्न येतो. आपण न वाचता 'यस' ठोकतो. ती माळ म्हणजे सर्व्हरच्या किल्लीचा अंगठा. समोर खरोखर पुण्याचाच संगणक आहे की मध्येच कोणी सोंग घेऊन बसले आहे, हे तिच्यावरून कळते. पुढे कधी 'किल्ली बदलली' असा इशारा आला, तर सर्व्हर नव्याने बसवला असेल किंवा काहीतरी काळेबेरे असेल. विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

रात्री पोराने साहेबांना फोन लावला. त्यांनी आपल्याजवळची माळ वाचून दाखवली, याने पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवले, आणि मग 'यस' दाबले.