पिकअपचं पॉवर स्टेअरिंग ऑइल आणि फिल्टर: रंग बघून नको, झाकण वाचून निवडा

डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची, अशी आमची पिढी. दिवसभर लॅपटॉपसमोर बसत असलो तरी गावाकडून फोन आला की प्रश्न गाडीचाच असतो. अलीकडे एकच प्रश्न दोन-तीन जणांनी विचारला: "पिकअपमध्ये पॉवर स्टेअरिंगचं ऑइल कोणतं टाकू? आणि त्याला फिल्टर असतो का?" दर वेळी फोनवर तुकड्या-तुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहितो.

आधी एक साधी गोष्ट बघून घ्या. तुमच्या गाडीला हे ऑइल लागतं का? टाटा इंट्रासारख्या गाड्यांत स्टेअरिंगला मदत करायला इलेक्ट्रिक मोटर असते, तिथे ऑइलचा संबंधच नाही. बोलेरो पिकअप, टोयोटा हायलक्स यांसारख्या गाड्यांत मात्र हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग मिळतं. बोनेट उघडल्यावर झाकणावर स्टेअरिंगच्या चाकाचं चित्र असलेली छोटी टाकी दिसली, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

हे ऑइल आत करतं काय?

इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. तो टाकीतलं ऑइल ओढतो आणि जाड होजमधून स्टेअरिंगच्या गिअरबॉक्सकडे ढकलतो. तुम्ही स्टेअरिंग वळवलं की आतला व्हॉल्व्ह ऑइलला डावीकडे किंवा उजवीकडे वाट करून देतो, आणि ऑइलच्या दाबाने चाकं वळायला मदत होते. काम झालं की तेच ऑइल रिटर्नच्या होजने टाकीत परत येतं. साधं चक्र आहे, पण दाब साधा नाही. भरलेल्या पिकअपच्या मागच्या टायरमध्ये साधारण ४ ते ५ बार हवा असते. स्टेअरिंगच्या प्रेशर लाइनमध्ये जोर लागतो तेव्हा ८० ते १०० बारपर्यंत दाब जाऊ शकतो.

आता मार्केट यार्डात भरलेली गाडी मागे घेताना काय होतं ते बघा. ड्रायव्हर स्टेअरिंग पूर्ण कापतो आणि तसंच दाबून धरतो. चाकं पुढे वळू शकत नाहीत, ऑइलला जायला जागा नाही, मग पंपातला रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि सगळी ताकद नुसती उष्णतेत जाते. ८० बार दाब आणि मिनिटाला ६ लिटर प्रवाह धरला, तर हिशोब येतो ८०० वॅटचा. बादलीत टाकायच्या छोट्या हीटरइतकी ही उष्णता जेमतेम लिटरभर ऑइलमध्ये उतरते. दर दोन सेकंदांना साधारण एक अंश! म्हणून स्टेअरिंग पूर्ण कापलेलं असताना ५-१० सेकंदांच्या वर धरू नये, थोडं सैल सोडावं. ऑइल कितीही महागाचं असलं तरी ही सवय नसेल तर ते लवकर जळणार.

थोडक्यात, या ऑइलला एकाच वेळी दाब पोहोचवायचा आहे, पंपाला वंगण द्यायचं आहे, उष्णता वाहून न्यायची आहे, फेस होऊ द्यायचा नाही आणि रबरी सील जपायचे आहेत. निवडताना सगळ्यात कमी लक्ष जातं ते या शेवटच्या कामाकडे.

ब्रेक ऑइल आणि सीलचं गणित

पॉवर स्टेअरिंगमधले सील आणि ओरिंग साधारणपणे नायट्राइल रबराचे असतात. हे रबर खनिज तेलात मजेत राहतं. ब्रेकमधले सील वेगळ्या रबराचे, ईपीडीएमचे असतात, आणि त्यांना ग्लायकॉलवर बनलेलं ब्रेक ऑइल, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४, मानवतं. अदलाबदल केली की दोन्हीकडे वाट लागते. ब्रेक ऑइल स्टेअरिंगमध्ये गेलं तर सील बिघडून गळती सुरू होते. उलट, स्टेअरिंगचं ऑइल ब्रेकच्या टाकीत गेलं तर ब्रेकचे सील फुगतात, आणि ते प्रकरण घाटात जिवावर बेततं.

दोन्ही टाक्या एकाच बोनेटखाली, कधीकधी हातभर अंतरावर. त्यामुळे "थोडंसं कमी आहे, घे ते टॉपअप करून" असं घाईत कुणाला सांगू नका. चुकून पडलंच, तर इंजिन चालू करू नका. टाकीत आहे तोवर उपसता येतं. एकदा फिरलं की सगळी सिस्टीम धुवावी लागते, आणि ब्रेकच्या बाबतीत रबराचे भाग बदलण्याशिवाय मार्ग नसतो.

मग डबा कोणता घ्यायचा?

"लाल ऑइल टाका, सगळं सारखंच असतं" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. लाल हा फक्त रंग आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये रंग घालतात तो ओळखू यावा म्हणून, गळलं तर इंजिन ऑइल की हे, ते कळावं म्हणून. रंगावरून जाडी कळत नाही आणि आतली रसायनंही कळत नाहीत. दोन वेगळ्या स्पेसिफिकेशनची ऑइलं एकसारखी लाल असू शकतात.

खरी माहिती टाकीच्या झाकणावर आणि गाडीच्या पुस्तकात असते. बऱ्याच पिकअपना डेक्सरॉन २ किंवा ३ दर्जाचं ऑइल चालतं; टोयोटाच्या हायलक्सच्या पुस्तकात नेमकं हेच लिहिलेलं असतं. डेक्सरॉन हे जनरल मोटर्सचं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलचं स्पेसिफिकेशन आहे. डब्यावर आकडा रोमन लिपीत असतो, म्हणजे तीन उभ्या रेघा दिसल्या की ३.

इथे एक गंमत आहे. डेक्सरॉन ३ हे १९९३ चं स्पेसिफिकेशन. त्यानंतर २००५ मध्ये डेक्सरॉन ६ आलं आणि २००६ संपताना जनरल मोटर्सने ३ साठी परवाने देणं बंद केलं. म्हणजे आज दुकानात मिळणाऱ्या "डेक्सरॉन ३" च्या डब्यामागे जनरल मोटर्सची चालू मान्यता नसते. "त्या दर्जाचं" हा ऑइल बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा असतो. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, ज्या व्हर्जनचा सपोर्ट संपलाय तिच्याशी कंपॅटिबल असल्याचं दुसरंच कुणीतरी सांगतंय. दावा खोटाच असतो असं नाही. पण म्हणूनच अशा ऑइलमध्ये डबा कुणाचा आहे याला जास्त महत्त्व आहे, आणि सुटं, कॅनमधून ओतून मिळणारं ऑइल मी कधीच घेणार नाही.

मग नवीनच व्हर्जन टाकू का? डेक्सरॉन ६ पातळ आहे. १०० अंशांना त्याची व्हिस्कॉसिटी जास्तीत जास्त ६.४ सेंटिस्टोक, तर डेक्सरॉन ३ प्रकारची ऑइलं साधारण ७ च्या आसपास किंवा त्याहून वर. फरक छोटा वाटतो, पण दोन-अडीच लाख किलोमीटर चाललेल्या पंपात फटी वाढलेल्या असतात, आणि पातळ ऑइल त्या फटींतून आतल्या आत जास्त निसटतं. पुस्तकात ६ चालेल असं लिहिलं असेल तर बिनधास्त टाका. नसेल तर "नवीन म्हणजे भारी" या हिशोबाने जाऊ नका.

हिरव्या रंगाचं, सीएचएफ ११एस नावाचं ऑइलही दुकानात दिसेल. ते बऱ्याच युरोपियन गाड्यांसाठी आहे. महाग आहे, सिंथेटिक आहे, आणि ४० अंशांना डेक्सरॉन ३ च्या जवळपास निम्मंच घट्ट असतं. झाकणावर त्याचं नाव असेल तरच घ्या. "सगळ्या गाड्यांना चालणारं" असं छापलेल्या डब्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. गळती थांबवणारी औषधं तर सरळ टाळा: ती सील फुगवून महिना-दोन महिने वेळ काढून देतात, नंतर तेच सील मऊ पडतात.

जुनं ऑइल काय सांगतं

पांढऱ्या कापडावर थेंब घ्या. तपकिरी-काळं आणि जळका वास: ऑइल उष्णतेने संपलंय. दुधाळ किंवा फेसाळ: आत हवा शिरतेय. चकचकीत कण: पंप झिजतोय.

नारायणगावला माझ्या काकांची पिकअप टोमॅटोचे क्रेट घेऊन वाशीला जाते. हंगामात एक दिवस गाडी उभी राहिली तरी माल पडून राहतो. पहाटे सुरू केली की स्टेअरिंग वळवताना कण्हल्यासारखा आवाज यायचा. गॅरेजमध्ये सांगितलं, पंप बदला. काकांनी फोन केला, "अरे, पंपाला बरेच पैसे सांगतोय, तू बघ जरा." मी म्हटलं, "काका, आधी टाकीचं झाकण उघडून फोटो पाठवा." फोटोत वर सगळा फेस. फेस म्हणजे पंप ऑइलसोबत हवा ओढतोय. टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या होजचा क्लॅम्प ढिला निघाला. तो बदलला, ऑइल बदललं, आवाज गेला. पंप अजून तोच आहे. प्रत्येक वेळी इतकं स्वस्तात सुटत नाही हे मान्य, पण पंपाच्या आधी क्लॅम्प आणि ऑइल बघायला काय जातं?

ऑइल बदलायची सोपी पद्धत म्हणजे मोठ्या सिरिंजने टाकी उपसायची, नवीन भरायचं, गाडी थोडी चालवायची, पुन्हा उपसायचं. यात एक हिशोब विसरला जातो. सिस्टीममध्ये १ लिटर आणि टाकीत ३०० मिली धरलं, तर एकदा बदलल्यावर ७० टक्के जुनंच राहतं. दोनदा केल्यावर ४९, चारदा केल्यावर २४, सहादा केल्यावर १२ टक्के. म्हणजे एकदा उपसून "ऑइल बदललं" म्हणणं खरं नाही. चार ते सहा फेऱ्या करा, दीड-पावणेदोन लिटर आणा. पुस्तकात मुदत दिली असेल तर ती पाळा. नसेल तर घाटातल्या, भरून चालणाऱ्या गाडीला दोन वर्षं पुष्कळ झाली, असं माझं मत.

फिल्टर: असतो का, आणि लावायचा कुठे

बऱ्याच गाड्यांत टाकीच्या आत एक जाळी असते आणि वेगळा फिल्टर नसतो. काही टाक्यांत ती काढून साफ करता येते, काहींत टाकीलाच जोडलेली असते. ती तुंबली तर उगाच टोचू नका, फाटलेली जाळी तुंबलेल्या जाळीपेक्षा वाईट. अशा वेळी टाकीच बदललेली बरी.

जाळी मोठा कचरा अडवते. पंपाच्या पात्यांची झीज काही मायक्रॉनची असते, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड; हे कण जाळीतून आरामात निघून जातात. त्यासाठी होजमध्ये बसणारा छोटा फिल्टर मिळतो. चांगल्यात लोहचुंबक असतो, कागदी फिल्टर असतो आणि बायपास व्हॉल्व्ह असतो, म्हणजे फिल्टर तुंबला तरी ऑइलचा रस्ता बंद होत नाही. बायपास नसलेला घेऊ नका.

तो लावायचा फक्त रिटर्न लाइनमध्ये, गिअरबॉक्समधून टाकीकडे येणाऱ्या होजवर. तिथे दाब कमी असतो. प्रेशर लाइनमध्ये लावला तर फुटेल, आणि गरम ऑइलचा फवारा सायलेन्सरवर पडला तर आग लागू शकते. टाकी ते पंप या होजमध्येही नको. तिथे ऑइल ढकलायला जेमतेम हवेचा दाब असतो, म्हणजे १ बार; थोडा अडथळा आला तरी पंपात बुडबुडे होतात आणि तोच कण्हण्याचा आवाज सुरू होतो.

फिल्टरवर बाण असतो, तो टाकीच्या दिशेने ठेवा. होजचा आतला व्यास मोजून त्याच मापाचा फिल्टर घ्या. पेट्रोलचा पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर स्वस्त पडतो म्हणून बसवलेला पाहिलाय. तो थंड, पातळ पेट्रोलसाठी आहे, या गरम ऑइलसाठी नाही. तुकडा जोडायला रेडिएटरचा होज वापरू नका. तो बहुतेक वेळा ईपीडीएमचा असतो, आणि वर ब्रेकच्या सीलचं जे सांगितलं तेच इथे होतं: तेलात फुगतो, मऊ पडतो, क्लॅम्पमधून सटकतो. गरम ऑइलसाठीचाच होज मागा.

बसवून झालं की पुढची चाकं उचला आणि इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश १५-२० वेळा फिरवा. टाकीत ऑइल कमी होत जाईल तसं भरत राहा. बुडबुडे थांबले की मगच इंजिन सुरू करा. पहिला फिल्टर लवकर भरतो, कारण तो जुनी साठलेली घाण गोळा करतो. म्हणून काही हजार किलोमीटरनंतर काढून बघा आणि पुढचा बसवा. क्लॅम्प मात्र दुसऱ्याच दिवशी गाडी तापल्यावर एकदा तपासा, आणि उपसलेलं जुनं ऑइल बांधावर न ओतता डब्यात भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे द्या.