कढई काळीच बरी

ख्रिस्ताच्या ठायी प्रिय बंधुभगिनींनो,

दोन वर्षांपूर्वी नाताळात आपण दिलेल्या अर्पणातून आम्ही जव्हार-मोखाड्याकडच्या एका पाड्यावर बिडाच्या कढया वाटल्या होत्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता ज्या घरांत होत्या, ती घरे निवडली होती. प्रार्थना झाली, फोटो निघाले आणि आम्ही समाधानाने परतलो.

पुढच्या पावसाळ्यात मी त्याच पाड्यावर गेले, तेव्हा एका घराच्या पडवीत आपली कढई दिसली. तिच्यात कोंबड्यांसाठी पाणी ठेवले होते. आतबाहेर तांबूस गंज चढला होता आणि चुलीवर नेहमीचा जर्मनचा टोप होता. मी घरातल्या आजींना विचारले. त्या म्हणाल्या, "ताई, तुमची कढई रडते. रोज राखेनं घासते, तरी काळं पाणी गाळते. असल्या कढईतलं सुनेला कसं वाढायचं?"

चूक आजींची नव्हती, माझी होती. मी भांडे दिले, पण ते सांभाळायचे कसे हे सांगितलेच नाही. त्या दिवसापासून जे शिकले ते आज लिहिते आहे, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरीही असा एखादा तवा माळ्यावर गंजत पडला असेल.

कढईच का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये आणि पाच वर्षांखालील सुमारे ६७ टक्के बालकांमध्ये रक्त कमी आहे. लोखंडी भांड्यात शिजवताना थोडे लोह अन्नात उतरते. आमटी, कालवण, अंबाडीची भाजी अशा पातळ आणि आंबट पदार्थांत ते जास्त उतरते. इथिओपियात लोखंडी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांत जेवण शिजवणाऱ्या घरांतील मुलांची तुलना झाली होती. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लोखंडी भांडी वापरणाऱ्या घरांतील मुलांचे रक्त अधिक सुधारलेले आढळले.

तरीही कढई म्हणजे औषध नव्हे. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण असेल, तर लोखंडी भांडे वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

कढई का रडते?

आपल्या बायकांना लहानपणापासून एकच शिकवण असते, भांडे आरशासारखे चकाकले पाहिजे. पितळेला आणि स्टीलला ते शोभते. बिडाचे मात्र उलटे आहे. तेलाचा अगदी पातळ थर देऊन बीड खूप तापवले की ते तेल घट्ट होऊन धातूला चिकटते आणि त्याचा कठीण, काळा, गुळगुळीत लेप तयार होतो. हा लेप म्हणजे कढईचे अंगरखे. पाणी आणि हवा थेट लोखंडाला लागत नाहीत, म्हणून गंज धरत नाही, आणि भाकरही चिकटत नाही. आजी रोज राखेने घासून तोच लेप काढून टाकत होत्या. उघडे पडलेले लोखंड पावसाळी हवेत रात्रीतून गंजत होते. त्यात चिंचेचे कालवण शिजले की काळे पाणी सुटणारच.

गंजलेले भांडे पुन्हा वापरात आणताना

राख किंवा बारीक वाळू घेऊन काथ्याने गंज पूर्ण निघेपर्यंत घासावे. राखेचे काम एवढ्यापुरतेच. नवे भांडे असेल तर गंज लागू नये म्हणून त्याला कारखान्यातून तेलकट थर दिलेला असतो. तो गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन काढावा. मग भांडे चुलीवर ठेवून पूर्ण कोरडे करावे. कोमट असतानाच आतबाहेर, कानांनाही, तेल चोळावे आणि कोरड्या फडक्याने इतके पुसावे की तेल लावलेच नाही असे वाटले पाहिजे. तेल जास्त राहिले तर लेप चिकट होतो. आता धूर येऊन थांबेपर्यंत भांडे तापवावे आणि आपोआप गार होऊ द्यावे. असे तीन-चार वेळा करावे. घरात गॅस असेल तर खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

तेल कोणते? जवसाचे चालते, सूर्यफुलाचेही चालते. आमच्या भागात खुरासणी पिकते. तिचे तेल तापल्यावर चांगले घट्ट होते, त्यामुळे विकत काही आणावे लागत नाही.

रोजची निगा

स्वयंपाक झाला की अन्न लगेच दुसऱ्या भांड्यात काढावे. आंबट पदार्थ कढईत रात्रभर ठेवू नये. कढई कोमट झाल्यावर पाण्याने आणि काथ्याने धुवावी, पण पाण्यात भिजत टाकू नये. धुतल्यावर पालथी घालून ठेवणे पुरेसे नाही. विझत्या चुलीच्या निखाऱ्यांवर दोन मिनिटे वाळवून तेलाचे बोट फिरवावे. तापलेल्या बिडावर गार पाणी कधीही ओतू नये. बीड ठिसूळ असते, तडकते. बिडाची किटली असेल तर तिच्यात फक्त पाणी उकळावे, वापर झाल्यावर ती रिकामी करून उरलेल्या उष्णतेवर सुकवावी. चहा तिच्यात करू नये. चहातील तुरट द्रव्य लोहाला धरून ठेवते आणि ते अंगी लागत नाही. जेवणासोबत चहा नको तोही याच कारणाने.

आजींची कढई

त्या दिवशी आजींच्याच चुलीवर आम्ही दोघींनी कढई घासली आणि चार वेळा तापवली. धुराने दोघींचे डोळे झोंबले. शेवटी तिच्यात उडदाची आमटी केली. ती काळी पडली नाही. पुढच्या भेटीत कढई चुलीजवळ खुंटीला टांगलेली होती आणि आजी शेजारच्या सुनांना सांगत होत्या, "हिला उजळ करायची नाय, काळीच ठेवायची." आता पाड्यावर ही शिकवण त्याच देतात. माझ्यापेक्षा त्यांचे बोलणे लवकर पटते.

दुसऱ्या राजांच्या सहाव्या अध्यायात एका माणसाची कुऱ्हाड पाण्यात पडते. तो व्याकूळ होतो, कारण ती उसनी असते. लोखंडाच्या त्या तुकड्यासाठी देवाने अलीशाच्या हातून चमत्कार केला. गरिबाच्या घरातली लोखंडी वस्तू देवाला क्षुल्लक वाटली नाही. मग ती देऊन आपण पाठ कशी फिरवावी?

म्हणून एक विनंती. यंदा कढई द्याल तेव्हा ती नुसती विकत घेऊन पाठवू नका. मंडळीतल्या भगिनींनी एखाद्या शनिवारी चर्चच्या आवारात एकत्र येऊन ती तेल देऊन तापवावी, काळी करावी आणि मग पाठवावी. आणि जमेल तेव्हा आमच्यासोबत पाड्यावर या. दिलेली कढई अजून चुलीवर आहे की पडवीत, ते तिथे गेल्यावरच कळते.

प्रभूच्या सेवेत,
आपली भगिनी